आतली बाजू

औषधाच्या खोक्यात आत कुणी डोकावत नाही. बाहेरून पांढरं, चकचकीत, चार रंगांत छापलेलं, त्यावर कंपनीचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी. झाकण उघडलं की आत राखाडी. तो राखाडी रंग रद्दीच्या लगद्याचा. ड्युप्लेक्स बोर्ड म्हणतात त्या पुठ्ठ्याच्या एका अंगाला पांढरा थर आणि त्यावर चिनी मातीचा लेप असतो. बाकी सगळी जाडी जुन्या वह्या, वर्तमानपत्रं आणि खोकी यांची. स्वस्त पडतो आणि ताठ राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंगच्या छापखान्यात माझी उमेदीची सगळी वर्षं या पुठ्ठ्यात गेली. छापायचं, डायवर म्हणजे पात्यांच्या साच्यावर कापायचं, चिकटवायचं, चपटं करून गठ्ठे बांधायचे. एकेका जॉबला लाखभर नग निघायचे. निळ्याची छटा जरा हलली की अख्खा माल परत यायचा. आतल्या बाजूबद्दल मात्र कुणा गिऱ्हाइकाने कधी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर भेटकार्डं आणि छोट्या कागदी डब्या करायला लागलो, आणि लक्ष सगळं आत गेलं.

सुरुवात हळदीकुंकवाने झाली. दर संक्रांतीला वाण म्हणून आमच्याकडून प्लॅस्टिकचं काहीतरी जायचं आणि तसंच काहीतरी शेजारून परत यायचं. एका वर्षी बायको म्हणाली, ‘‘अहो, जन्मभर खोकी केलीत. मला हलव्यासाठी डब्या करून द्या की.’’ म्हटलं, देतो. पण ड्युप्लेक्स चालणार नव्हता. रद्दीच्या लगद्यात छपाईच्या शाईचे अंश उरतात, खायची वस्तू त्याला थेट लागू नये. औषधाच्या गोळ्या स्ट्रिपमध्ये असतात, हलवा मोकळा असतो. म्हणून दोन्ही बाजूंनी रंगीत असलेला टिंटेड पेपर आणला आणि तळाला बटर पेपरचा चौकोन घातला. (तिळाचे लाडू असतील तर हा चौकोन हवाच. तीळ तेल सोडतात आणि दुसऱ्या दिवशी डबीखाली गोल डाग उमटतो.) आलेल्या बायकांनी डबी घेतली, उघडली आणि आधी आत पाहिलं. समोरच्या काकूंनी तर हलवा हातावर ओतून घेतला आणि रिकाम्या डबीत बोट फिरवलं. ‘‘आतूनही गुलाबी आहे हो!’’ माझ्या हातून बाजारात गेलेल्या एकाही खोक्याला असं कौतुक मिळालेलं नाही.

कागदासाठी ठाण्यात फार भटकावं लागत नाही. स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंत आणि गोखले रोडच्या आसपास कार्डशीट, टिंटेड, घोटीव कागद सुटे मिळतात. जास्त हवे असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. तिथे गेलेला माणूस हवं त्याच्या दुप्पट घेऊन येतो, म्हणून मी बायकोला नेत नाही. (न्यायचं कुणी कुणाला नाही, याबद्दल तिचं मत उलटं आहे.)

दुकानात ‘जाड कागद द्या’ म्हणू नये, जीएसएम विचारावा. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद ७०-८०, कार्डाला २२० ते २५०, डबीला २५० ते ३००. ए-फोरचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर भरतो. म्हणजे ८० जीएसएमचा एक ए-फोर ५ ग्रॅमचा आणि २४० जीएसएमचा १५ ग्रॅमचा. पोस्टाच्या खिडकीवर हा हिशेब कामाला येतो.

जीएसएमपेक्षा मोठी गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण त्याला ती कुणी विचारत नाही. ती म्हणजे ग्रेन. कागदाच्या यंत्रात लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि त्यातले तंतू बहुतेक करून जाळीच्या धावेला समांतर पडतात. म्हणून यंत्रावरचा कागद एका दिशेने मुकाट्याने वाकतो आणि दुसऱ्या दिशेने कुरकुर करतो. शीट हातात घ्या, न मोडता अलगद वाकवा. मग काटकोनात फिरवून पुन्हा वाकवा. कमी जोर लागला ती घडी ग्रेनला समांतर. तरी शंका असेल तर कोपऱ्याचा तुकडा कापून एकाच बाजूने ओला करा. त्याची आपोआप गुंडाळी होते, आणि गुंडाळीच्या लांबीची दिशा हीच ग्रेनची दिशा. कार्डाची घडी ग्रेनला समांतर आली तर कार्ड नीट मिटतं, मिटलेलं राहतं. आडवी आली तर रंगाचा थर फुटतो, घडीवर पांढरे तंतू उभे राहतात आणि टेबलावर ठेवलेलं कार्ड हळूहळू आ वासतं.

कारखान्यात आम्ही याच्या नेमकं उलट करायचो. खोक्याच्या उभ्या घड्यांना ग्रेन आडवा ठेवायचो, कारण तसं केलं की बाजू फुगत नाहीत. घडी फुटू नये म्हणून डायमध्ये क्रीझिंग रूल असतो, पोलादाची बोथट पट्टी. ती पुठ्ठा कापत नाही, दाबते. घरी तेच काम संपलेल्या रिफिलचं बॉलपेन करतं. पट्टी धरून जोर देऊन एकच रेघ ओढायची, दोनदा नाही. आणि मग दुमडायचं कुठल्या बाजूला? बहुतेकांना वाटतं की खाच पडली त्या बाजूला. तसं नाही. खाच बाहेर राहते. तिच्या पाठीमागे जो बारीक उंचवटा येतो, तो घडीच्या पोटात जातो. माझ्याकडे शिकायला आलेली इमारतीतली मुलं यावर हटकून वाद घालतात. मी त्यांना दोन्ही प्रकारांनी घडी घालायला लावतो आणि गप्प बसतो.

हातकागदाला ग्रेन जवळजवळ नसतोच. चौकटीत लगदा घेऊन ती हलवतात, त्यामुळे तंतू वाटेल तसे पसरतात. आपल्याकडे या कागदाचं मोठं घराणं आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा तुघलकाने राजधानी तिकडे हलवली त्या चौदाव्या शतकापासून सांगतात. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. जुन्नरी आणि दौलताबादी कागदांची नावं पेशवाईत रोजच्या वापरातली होती, आणि त्या काळातले मोडी कागद पुण्याच्या दप्तरखान्यात आजही वाचता येतात. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची, सुती चिंध्यांपासून कागद करणारी. त्या कागदाच्या न कापलेल्या, झिरझिरीत कडा मला फार आवडतात. कार्डाला कव्हर म्हणून त्याच्यासारखा कागद नाही. पण त्यावर शाईचं पेन टेकवा, पुष्कळदा अक्षराला मिशा फुटतात. म्हणून मी आत साध्या कागदाचं वेगळं पान लावतो. ते सगळं चिकटवायचं नाही, फक्त घडीच्या कडेने बारीक रेघेएवढ्या गोंदाने धरायचं. सगळं पान चिकटवलं की दोन कागद आपापल्या मर्जीने आकसतात आणि कार्ड वाकडं होतं.

ठाण्याच्या पावसाळ्यात तर कागदाचं काही खरं नसतं. राखी, गणपती याच दिवसांत येतात आणि हवेतलं पाणी कागद पिऊन बसलेला असतो. त्यात फेव्हिकॉलचं पाणी. कागद ग्रेनला आडव्या दिशेने जास्त फुगतो, त्यामुळे चिकटवताना सपाट दिसलेलं कार्ड सकाळी होडी होऊन पडलेलं असतं. पावसात डबल टेप आणि एरवी फेव्हिकॉल, तोही पाणी न घालता कार्डाच्या तुकड्याने पातळ पसरलेला, हे माझं धोरण आहे. वर दाब म्हणून एमटीएनएलची जाडजूड डिरेक्टरी. तिला दुसरा उपयोग उरलेला नाही.

डबीचं गणित मात्र कुठल्याही ऋतूत सुटतं. बारावीला ज्यांनी गणित घेतलं होतं त्यांना तो प्रश्न आठवत असेल. चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापून उघडी पेटी करायची आहे, जास्तीत जास्त माल मावायला किती कापावं? उत्तर, बाजूचा सहावा भाग. १८ सेंटिमीटरच्या कागदातून ३ सेंटिमीटर कापले तर १२ बाय १२ बाय ३ ची डबी होते, म्हणजे ४३२ घन सेंटिमीटर. २ कापले तर ३९२, ४ कापले तर ४००. गणित चोख आहे, पण दिसायला ही डबी ताटली वाटते. हलव्याला चालेल. कानातल्यांची जोडी तिच्यात ठेवलीत तर ती एका कोपऱ्यात जाऊन बसेल. माल जास्त मावणं हे कारखान्याचं माप झालं. घरच्या डबीचं माप आतल्या वस्तूवरून निघतं. वस्तू कागदावर ठेवायची, भोवती बोटभर जागा सोडायची, उंची वस्तूपेक्षा थोडी जास्त घ्यायची, मग कात्री. झाकण तळापेक्षा दोन-तीन मिलिमीटरने मोठं. त्याहून मोठं केलं तर निसटतं, लहान केलं तर कोपरे फाटतात.

गोंदच नको असेल तर जपानी मासू डबी करावी. मासू हे तिकडचं धान्य मोजायचं लाकडी माप, त्याचा आकार कागदाच्या घड्यांत उतरवलेला आहे. १५ सेंटिमीटरच्या चौकोनातून साधारण ५.३ सेंटिमीटर बाजूची आणि त्याच्या निम्म्या उंचीची डबी होते. झाकणाला पूर्ण चौकोन घ्यायचा आणि तळाला तीन-चार मिलिमीटर कमी. कागदाच्या चारही टोकांची गाठ डबीच्या तळाशी, आत पडते. लहान मुलांना मी तिथेच काहीतरी लिहायला सांगतो. टोकं उचलल्याशिवाय ते दिसत नाही.

आता कार्ड. माझ्या मते डबीपेक्षा कार्ड कठीण आहे, आणि ते कव्हरमुळे नाही.

छापील कार्डाचा जन्मच मुळी न लिहिण्यासाठी झाला. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना नाताळच्या पत्रांची उत्तरं लिहायला सवड नव्हती. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं, हजार प्रती छापल्या, ज्याला पाठवायचं त्याच्या नावाला आणि आपल्या सहीला जागा सोडली. मजकूर छापलेलाच. उरलेली कार्डं एक एक शिलिंगला विकायला काढली. पुढचा सगळा धंदा या सवड नसण्यावर उभा राहिला. आमच्याकडेही दिवाळीच्या आधी छापखान्यात कार्डांचे गठ्ठे पडायचे. ‘आपणांस व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’, खाली कंपनीचं नाव, त्याखाली साहेबांची सही. ही कार्डं बुक पोस्टाने जायची. त्याला तिकीट कमी लागायचं, पण पाकीट उघडं ठेवावं लागे आणि आत खासगी मजकूर चालत नसे. म्हणजे न लिहिणाऱ्याला सवलत. संक्रांतीच्या छोट्या कार्डांत मात्र लोक हलव्याचे चार दाणे घालून पाठवायचे. पोस्टाचा शिक्का ठपकन पडायचा आणि पाकिटातून गोड पूड निघायची. पण पाठवणाऱ्याने आपल्या हाताने आत काहीतरी घातलेलं असायचं.

हाताने केलेली कार्डं तरी वेगळी असतील, असं मला वाटायचं. मग प्रदर्शनांतून फिरलो. लेस, मोती, क्विलिंगची म्हणजे कागदी पट्ट्या गुंडाळून केलेली फुलं, सॅटिनचं बो, त्यावर चमकी. कव्हर इतकं जड की कार्ड उभं राहत नाही. उघडलं की आत कोरं, नाहीतर सोनेरी अक्षरांचं ‘हॅपी बर्थडे’ स्टिकर. कव्हरवर संध्याकाळ घालवायची आणि आत सही ठोकायची, हा ड्युप्लेक्स बोर्डच झाला. माझी नात शाळेतून कार्यानुभवाच्या तासाचं कार्ड घेऊन आली. बाहेर तिने काढलेला सुंदर, वेडावाकडा आकाशकंदील. आत फळ्यावरून उतरवलेल्या दोन ओळी, वर्गातल्या सगळ्यांच्या सारख्याच. तिला विचारलं, ‘‘हे कुणासाठी केलंस?’’ ती म्हणाली, ‘‘बाईंनी सांगितलं नाही.’’

म्हणून मी आधी मजकूर लिहितो. कार्ड नंतर.

पद्धत साधी आहे. रफ कागदावर लिहून काढायचं, काय म्हणायचं आहे ते सगळं. मग ओळी मोजायच्या आणि त्यावरून आकार ठरवायचा. दोन-चार ओळी असतील तर ए-सिक्स पुरतं, ए-फाइव्ह म्हणजे ए-फोरच्या निम्म्या कागदाची एक घडी, सी-सिक्स पाकिटात नेमकी बसणारी. मजकूर वाढला तर ए-फोरची घडी. मग आतलं पान घ्यायचं, ते सुटं असतानाच त्यावर लिहायचं. अक्षर चुकलं तर पान बदलता येतं. आधी कार्ड करून मग लिहायला बसलं की चुकण्याच्या भीतीने माणूस कमीत कमी लिहितो, आणि कमीत कमी लिहायला ‘हार्दिक शुभेच्छा’ टपलेल्याच असतात. कव्हर सगळ्यात शेवटी. मजकुरात जे आलं असेल त्यातलंच काहीतरी त्यावर येतं. कधी एक रेघ पुरते. कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर कव्हरवर मी काहीच करत नाही, घडी तेवढी नीट घालतो.

आमच्या डाय-कटिंग मशीनवरचे एक सहकारी माझ्यानंतर निवृत्त झाले. त्यांना कार्ड पाठवलं. कव्हरला खोक्याचाच ले-आउट, उलगडलेला, बारीक रेघांत. आत लिहिलं की मशीनचा आवाज बदलला की आम्ही सगळे तुमच्या तोंडाकडे बघायचो. पुढे एका रात्रपाळीचा किस्सा, डाय अडकली होती तेव्हाचा. त्यांचा फोन आला. कार्डाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या रात्री अडकलेली डाय कफ सिरपच्या खोक्याची होती की मलमाच्या, यावर आमचा बराच वेळ वाद झाला. ते म्हणाले मलमाच्या. मी अजून सिरपवर ठाम आहे.

मला ऑर्डरी येतात, मी फारशा घेत नाही. डब्या करून देतो, कारण डबीत काय घालायचं ते घेणाऱ्याचं घेणारा बघतो. बारशाच्या, मुंजीच्या डब्या झाल्या आहेत. कार्ड मागणारे मात्र बरेचदा म्हणतात, ‘‘आतलं पण तुम्हीच लिहा ना, तुमचं अक्षर छान आहे.’’ अक्षर छान आहे हे खरं. पण तुमच्या मामांबद्दल मी काय लिहिणार?

जुन्या कार्डांचंही असंच झालं. आमच्या माळ्यावर पिशवीभर कार्डं होती. क्रायची होती, १९७९मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था कार्डं विकून मुलांसाठी पैसा उभा करायची. युनिसेफची होती, त्यांची ही प्रथा १९४९पासूनची, एका लहान मुलीच्या चित्राने सुरू झालेली. तोंडात किंवा पायात ब्रश धरून रंगवणाऱ्या कलाकारांची होती. शिवाय आमच्याच छापखान्याची. घडी केलेलं कार्ड मधोमध कापलं की डबीचे दोन भाग तयार असतात. चित्राची अर्धी बाजू झाकणाला, मागची अर्धी, दोन्हीकडून तीन-चार मिलिमीटर छाटून, तळाला. आतला मजकूर डबीच्या तळाशी येतो. मी कात्री घेऊन बसलो तर बायकोने पिशवी ओढून घेतली आणि दोन ढीग केले. नुसती सही असलेली कार्डं कापायची, मजकूर असलेली नाही. पहिला ढीग टीव्हीच्या उंचीला पोचला. दुसऱ्यात तिच्या आत्याची चार कार्डं होती, माझ्या एका शाळामित्राचं एक आणि धुळ्याच्या एका काकांचं, ज्यात शुभेच्छा एका ओळीत उरकून पुढे कांद्याच्या भावावर पाऊण पान होतं. ते तिने वाचून दाखवलं. पहिल्या ढिगातून अजूनही डब्या निघताहेत.

परवा आमच्या मजल्यावरचा मुलगा आला. इंजिनिअरिंगला आहे. मैत्रीण शिकायला सांगलीला गेली आहे, तिचा वाढदिवस जवळ आलाय. ‘‘काका, एक छोटंसं कार्ड करून द्या ना. आणि आत काय लिहू तेही सांगा.’’ कार्ड करून देतो म्हटलं, दुसरं काम माझं नाही. रफ कागद हातात दिला आणि सांगितलं की लिहून आण, त्यावरून माप काढतो. हा दोन ओळी आणणार असं धरून मी ए-सिक्सचा कागद कापून, रेघ ओढून तयार ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो कागद पाठपोट भरून आला. मी वाचला नाही, लांबूनच ओळी मोजल्या. छोटं कार्ड बाद. ए-फोरची घडी, आत तेवढंच पान, सी-फाइव्ह पाकीट. हिशेब तोंडी केला. २४० जीएसएमचं कव्हर १५ ग्रॅम, आतलं १००चं पान सव्वासहा, पाकीट सातेक. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंत, आपण अठ्ठावीसच्या घरात. त्याला म्हटलं, ‘‘थोडं आटोपतं घेतलंस तर बसेल. नाहीतर जादा तिकीट लागेल.’’

‘‘जादा लावू की,’’ तो म्हणाला. मग दारातून परत फिरला. ‘‘काका, पण तिकीट मिळतं कुठे?’’